फेट्याचं दुसरं टोक

वामन्या, काल मी तुझ्या दारात अडकलो. दोन्ही पाय उंबऱ्याच्या अलीकडे आणि दोन्ही कुणीतरी सिमेंटात पुरल्यासारखे. आत तुझा फोटो, फोटोसमोर मेणबत्ती, पांढऱ्या साडीत वहिनी, भिंतीला टेकलेली प्रज्ञा. सगळे माझ्याकडं पाहतायत आणि मी हलत नाही. मेहकरच्या एस.टी. स्टँडवर उधळलेला बैल शिंगं धरून थांबवणारा मी (तो बैल दरवर्षी हातभर वाढतो, हे निरीक्षण तुझं), सागवानाच्या एका चौकटीपुढं हरलो. वहिनी म्हणाल्या, या ना भाऊजी आत. मी म्हणालो, चप्पल अडकली. चप्पल मी फाटकाशीच काढली होती.

प्रज्ञा म्हणते, काका, बाबांवर लिहा, पुण्यानुमोदनाला सगळे जमतील तेव्हा वाचू. जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती हे नको, ते सगळं बॅनरवर आहे. मग काय लिहू, म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही बाबांना जे सांगत बसायचे तेच. म्हणून हे तुलाच सांगतोय. बाकीच्यांनी मधेमधे ऐकलं तरी चालेल.

आधी लोकांना आपल्या धंद्याचं सांगतो. माझं दुकान कापडाचं, पण मेहकर तालुक्यात मला ओळखतात ते फेट्यांसाठी. लग्नसराईत मी इतकी डोकी बांधलीयत की एकापुढं एक उभी केली तर रांग मलकापूरला जाऊन रेल्वेत बसेल. (हं, वामन्या, माहीत आहे. चालू दे.) फेटा म्हणजे नऊ-दहा वार कापड. एक टोक नवरदेवाच्या डोक्यावर, दुसरं खोलीच्या पार त्या कोपऱ्यात. ते दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. ताणून, पीळ देत, माझा हात फिरेल तसं पुढं सरकत. धरणारा नसला की कापड स्वतःशीच लपेटतं, भलतीकडं चिकटतं, आणि नवरदेवाच्या डोक्यावर फेट्याऐवजी पोतेरं बसतं. नाव बांधणाऱ्याचं होतं. टोक धरणारा फोटोतसुद्धा येत नाही.

माझं टोक तू धरायचास. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा, पोरं ज्याच्या सावलीलाही घाबरायची असा माणूस सुट्टी लागली की दुकानात यायचा, चप्पल काढायचा आणि विचारायचा, "आज कोनाचं डोकं हाय बे?"

आणि मी बाता हाणायचो. मलकापूर स्टेशनावर नवरदेवाचा पाठीवर सोडलेला शेमला नागपूरच्या गाडीच्या दारात अडकला, गाडी सुटली आणि फेटा उलगडत उलगडत पार नांदुऱ्यापर्यंत गेला. नांदुऱ्याच्या स्टेशन मास्तरनं तो घडी करून परतीच्या गाडीनं पाठवला, इस्त्रीसकट. तू तिकडच्या टोकाहून शांतपणे विचारलंस, नवरदेव कुठी होता तवा? मी म्हटलं, फलाटावरच, भोवऱ्यासारखा फिरून राह्यला होता. तू इतका हसलास की टोक सुटलं आणि खऱ्या नवरदेवाचा फेटा त्याच्या नाकावर आला.

माझा एक नियम होता, तुला कधीच न आवडलेला. बात संपली की त्याच दमात उठायचं. ऐकणारा हसतोय तोवर निघायचं, म्हणजे खरं किती आणि खोटं किती हे विचारायला माणूस उरत नाही. तू मागून ओरडायचास, "थांब ना बे, उलटतपासनी होऊ दे." मी थांबलो नाही. नियम म्हणजे नियम.

दुसरबीडच्या एका लग्नात तू मला तुझी विद्या शिकवलीस. अख्खी वरात बांधायची होती, नवरदेवाकडचे उन्हात करपत रांगेत उभे. तू टोकाला पीळ देत म्हणालास, हे पाह्य शेष्या, तुह्या अंगात आत्ता असे अब्जावधी फेटे बांधून राह्यले. मी म्हटलं, मंग माह्यं डोकं एवढं हलकं काऊन?

तू हसला नाहीस. वर्गात शिरलास. प्रथिन म्हणजे प्रोटीन, म्हणालास, पेशीत तयार होतं तेव्हा निव्वळ एक लांब दोरा असतो. मणी ओवल्यासारखा. त्या दोऱ्याचा तसा काहीच उपयोग नाही. तो स्वतःभोवती दुमडतो, वळतो, त्याला ठरलेला आकार येतो, आणि मग त्याच्यात काम करायची ताकद येते. कुणी रक्तात प्राणवायू वाहून नेतो, कुणी भाकर पचवतो. फेटा दोरीवर वाळत घातला तर कापड. डोक्यावर बसला की नवरदेव.

तिथंच आपलं भांडण सुरू झालं, जे अजून मिटलेलं नाही. तू म्हणालास, आकार कापडालाच माहीत असतो. दोऱ्यावरच्या काही मण्यांना पाण्याचं वावडं असतं, ते आत दडून बसतात. काहींना पाणी लागतं, ते बाहेर राहतात. मणी कोणत्या क्रमानं ओवलेत यावरूनच घडी ठरते. मी म्हटलं, अन् बांधणारा? तू म्हणालास, बांधणारा नसतोच. पेशीत फक्त टोक धरणारे असतात. ते आकार देत नाहीत. भलतं भलत्याला चिकटू देत नाहीत, गुंता होऊ देत नाहीत, आणि घडी बसली की निघून जातात. अंगात ताप चढला की घड्या विस्कटायला लागतात, तेव्हा पेशी असे आणखी टोक धरणारे कामाला लावते. मी म्हटलं, वामन्या, म्हणजे तुह्या हिशेबानं माह्या धंद्यात तू कामाचा अन् मी फालतू? तू मान डोलावून म्हणालास, हाव.

रांगेतला एक करपलेला माणूस म्हणाला, सर, आधी आमचा कामाचा फेटा बांधा, मंग पेशीचा पाहू.

बिघडलेल्या फेट्याचं काय होतं तेही तू सांगितलंस. माझ्या घरी विरलेले, डाग पडलेले फेटे माझ्या बायकोच्या, सिंधूच्या ताब्यात जातात. ती कोपऱ्याला गाठ मारून बाजूला टाकते, म्हणजे हा आता माझ्या हाती यायचा नाही. मग टरटर फाडते आणि चिंध्या नव्या गोधडीत घालते. तू एकदा हे पाहिलंस आणि इतका खूश झालास की सिंधूलाच शिकवायला बसलास. पेशीही अशीच खूण बांधते, म्हणालास. ज्या प्रोटीनची घडी चुकली त्याला खूण लागली की ते एका पोकळ नळकांड्यासारख्या कातरयंत्रात ओढलं जातं, आत तुकडे तुकडे होतात, आणि तेच मणी नव्या दोऱ्यात ओवले जातात. सिंधू म्हणाली, भाऊजी, मले पगार नाई, तो सरकारनं द्यायला पायजे.

आणि चुकलेली घडी फाडायची राहून गेली तर? हे मी विचारलं होतं. सहज विचारलं होतं रे.

तू म्हणालास, काही घड्या अशा चुकतात की त्या शेजारच्या चांगल्यालाही आपल्यासारखं करतात. एकाला एक चिकटतं, ढीग होतो, कातरयंत्रात मावत नाही. तुझ्या बातेसारखं, म्हणालास. तू एक सोडतो, ऐकणारा पुढं जाऊन तीच दुसऱ्याला शिकवतो, अन् आठवड्यानं माह्याच वर्गातलं पोरगं मले सांगते की सर, नांदुऱ्यापर्यंत फेटा गेलता. मी लाजलो वगैरे नाही. मला अभिमान वाटला.

पहिल्यांदा कळलं ते मला. डॉक्टरच्या आधी, वहिनींच्या आधी, तुझ्याही आधी. एका नवरदेवाला बांधत होतो आणि माझ्या हातातलं कापड थरथरलं. बारीक, मासा गळाला हुंगतो तसं. मी वळून पाहिलं, तू टोक धरून खिडकीबाहेर बघत होतास. म्हटलं, वामन्या, वारा सुटला वाटते. पंखा बंद होता. झाडाचं पान हलत नव्हतं.

कंपवात. पार्किन्सन. मोठ्या दवाखान्यातून आलास तो थेट दुकानात, आणि गादीवर मांडी घालून मला तुझ्याच आजाराचा धडा दिलास, जणू उद्या माझी परीक्षा आहे. मेंदूत एक प्रोटीन असतं, अल्फा सायन्यूक्लिन. मी म्हटलं, नाव तं एखाद्या राजकन्येसारखं हाय. तू म्हणालास, आहेच तशी, मोकळी फिरणारी. बाकीच्यांसारखी तिला एकच एक पक्की घडी नसते, खांद्यावरच्या उपरण्यासारखी सैल असते. पण काही डोक्यांत तीच चुकीची दुमडते आणि गठ्ठे होतात. ज्या पेशी अंगाला हल म्हणून सांगतात, त्या हळूहळू मरतात. गोळ्यांनी हालचालीला थोडं वंगण मिळतं. गठ्ठे कसे काढायचे ते अजून कोणाला जमलेलं नाही.

मी लगेच सुरू केलं की माझ्या आत्याच्या दिराला हेच होतं, तो वांग्याचं भरीत खाऊन असा बरा झाला की पळत्या एस.टी.च्या टपावर चढला. तू मला पूर्ण सांगू दिलंस. मग म्हणालास, "शेष्या, ध्यानात ठेव. उद्या माह्या चेहऱ्याचंही दार लागन. मी हसलो नाई म्हणून तू गप नोको होऊ. कुलूप चेहऱ्याले राहीन. मले नाई."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं?

मग दारं आली. मोकळ्या अंगणात तू चालायचास, पण चौकट दिसली की पाय जमिनीला चिकटायचे. स्वयंपाकघराच्या दारात तू तासभरही उभा राहिलास. मागं येता यायचं नाही, पुढं जाता यायचं नाही. ओढलं की आणखी घट्ट. तू दात आवळून म्हणायचास, ढकलू नका कोनी. आणि यावर तोडही तूच शोधलीस. जमिनीवर आडवा पट्टा दिसला की तो ओलांडायला पाय उचलतो. सपाट फरशीवर मेंदूला पाऊल सापडत नाही, पट्टा असला की सापडतं. मी दुकानातून जुने फेटे आणले, त्यांच्या पट्ट्या करून तुझ्या घरभर आडव्या अंथरल्या. ओट्यापासून मोरीपर्यंत गुलाबी, केशरी, निळ्या. वहिनी म्हणाल्या, घर आहे का मांडव?

मांडवही आला. प्रज्ञाचं लग्न. चाकांच्या खुर्चीवरून जाणार नाही, पोरीला हात देऊन मंचापर्यंत चालत नेणार, हा तुझा हट्ट. सकाळपासून मी नवरदेवाकडच्यांना फेटे बांधत होतो, पांढरे आणि निळे. टोक दुसराच कुणी धरत होता, आणि प्रत्येक डोक्यावर काहीतरी तिरपं बसत होतं. प्रज्ञा पांढऱ्या साडीत आली, तुझ्या कोपराला धरलं. हॉलच्या दाराला कुण्या शहाण्यानं झेंडूची कमान केली होती. दाराला आणखी एक दार.

तू कमानीखाली थांबलास.

आत सगळे उठून उभे. मंचावर बौद्धाचार्य हात जोडून. मागून वाजंत्री पोटतिडकीनं वाजवतायत, कारण त्यांना काय माहीत पुढं काय झालंय. पोरगी कानात म्हणतेय, बाबा, सावकाश. मी तुझ्याकडं पाहिलं. चेहरा लाकडासारखा, पण डोळे, वामन्या. विहिरीत पडलेला माणूस वर बघतो तसे डोळे.

मी जवळच्या पहिल्या डोक्यावरचा फेटा काढला. ते डोकं नवरदेवाच्या मामांचं होतं, आणि मामा साधे मामा नव्हते, फुगलेले मामा होते. फेटा फरशीवर आडवा अंथरला. मग दुसरा काढला, तिसरा काढला. मामांना वाचा फुटली. अहो, फेटा भुईवर? अन् त्याच्यावरून पाय? लग्न मोडायचं हाय काय तुम्हाले?

बरोबर होतं त्यांचं. आपल्याकडं फेटा म्हणजे माणसाचा मान. तो कुणी ओलांडत नाही. भांडणात दुसऱ्याचा फेटा भुईवर पडला तर पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद होतं.

मी कंबर सरळ केली आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी बात सोडली. म्हटलं, "मामा, आमच्या इकडचा रिवाज हाय हा. पोरीचा बाप सोयऱ्यांच्या मानावर पाय देत नाई, एकेक मान पाहून, एकेक पाऊल उचलून आत येते. आजा-पणजापासून चालत आलं. तुम्हाले ठाऊक नाई?"

ठाऊक नाही असं मामा कसे म्हणतील? मामा मागं वळले आणि आपल्या लोकांवर खेकसले, काढा रे फेटे. पाहता पाहता अर्धी वरात बोडकी झाली. निळा, पांढरा, निळा, पांढरा. तुझा उजवा पाय थरथरला, उचलला गेला, मामांच्या मानापलीकडं टेकला. मग डावा. प्रज्ञा रडत चालली, तू चाललास. माझ्यासमोरून जाताना ओठ न हलवता पुटपुटलास, "कोनाचा पणजा बे?"

तुझा आवाज मी नीट ऐकला तो बहुधा तेव्हा शेवटचा. मग आवाज बारीक झाला, मग घोगरा, मग नुसता श्वास. पट्ट्यांची जादूही संपली. एक दिवस तू गुलाबी पट्टीसमोर उभा राहिलास आणि पाय उचललाच नाही. पट्ट्या मी गुंडाळून परत नेल्या. तू पलंगावर गेलास. दार चेहऱ्याचंही लागलं, तू सांगितलं होतंस तसं.

तिथून पुढं मला धंद्यातली सगळ्यात वाईट शिक्षा मिळाली. बाता मारणाऱ्यासमोर न हसणारा माणूस. तू पंख्याकडं बघत पडलेला, मी खुर्चीवर. मी हात नाचवायचो, आवाज काढायचो, बैल पाच मजली केला, नांदुऱ्याचा फेटा पार भुसावळपर्यंत नेला, उलट्या दिशेनं. काही नाही. ओठ नाही, भुवई नाही. मला वाटायचं मी एका बंद खोलीशी बोलतोय आणि आत माणूस आहे की नाही हे सांगायला कुणी नाही. कधी वाटायचं तू आत बसून दारावर धडका मारतोयस आणि मला आवाज येत नाही. ते जास्त वाईट. तू म्हणाला होतास, कुलूप चेहऱ्याला राहील. विश्वास ठेवत होतो रे, पण विश्वास ठेवायला माणसाला थोडं काहीतरी लागतं. पापणीएवढं तरी. बात संपली की मी उठायचो. नियम म्हणून उठायचो, आणि ते तोंड बघवत नव्हतं म्हणूनही.

आणि मग दुसरबीडचं झालं. गेल्या लग्नसराईत तिथं बांधायला गेलो, तर दारात फेटे आडवे अंथरलेले. मी हबकलो. एक म्हातारबा काठी टेकत आले आणि मलाच झापू लागले. फेटे जवळजवळ टाकले म्हणे कोणीतरी, पाऊलभर अंतर पाहिजे. पहिला फेटा मामाचाच पाहिजे, पाय उजवाच पाहिजे. मी भीत भीत विचारलं, बाबा, हा रिवाज कवापासूनचा? ते म्हणाले, "फेटेवाला असून माहीत नाई? माह्या लग्नात माह्या सासऱ्यानं केलता."

वामन्या, मी तिथून पहिली एस.टी. पकडून तुझ्याकडं आलो. अशी बात मला जन्मात रचता आली नसती. तू म्हणाला होतास तेच, एक चुकलेली घडी शेजारच्याला शिकवते, तो पुढच्याला. म्हाताऱ्याच्या आठवणीतलं लग्नसुद्धा तिनं आपल्या घडीचं करून टाकलं. तुझ्या शास्त्राचा आणि माझ्या खोटेपणाचा एकदम विजय झाला होता, आणि तो समजणारा जगात एकच माणूस होता. मी काठी टेकून दाखवली, सासरा करून दाखवला. शेवटी म्हणालो, कोनाचा पणजा बे?

तू पंख्याकडं पाहत होतास.

मी उठलो. फाटकाबाहेर पडलो आणि कुणी पाहू नये म्हणून रुमालानं तोंड पुसत स्टँडकडं गेलो. त्यानंतर आलो तेव्हा लहान लहान गोष्टी सांगितल्या. कापूस कसा आहे, सिंधूचा गुडघा कसा आहे. खऱ्या गोष्टी. माझ्या तोंडून खऱ्या गोष्टी ऐकून तुला तरी कळलं असेल की मी हरलोय.

आता कालचं. चप्पल अडकली म्हणत मी कसाबसा आत आलो, तुझ्या फोटोखाली बसलो. वहिनींनी चहा दिला आणि जवळ बसल्या. म्हणाल्या, भाऊजी, आता संध्याकाळी घर लय गप लागते. तुम्ही गेल्यावर जे होये ते आता नाई.

मी म्हटलं, काय होये?

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "हसायचे ना हे. तुम्ही फाटकाबाहेर जात, स्टँडपर्यंत पोचले असान, की मंग यांचं सुरू होये. आवाज नाई. छाती हाले अन् डोये भरून येत. पहिल्यांदा मी घाबरले, वाटलं ठसका लागला. मंग समजलं, हसून राह्यले. उशिरा पोचे त्यांच्यापर्यंत सगळं. दुसरबीडच्या दिवशी तं चहा थंड होऊन गेला तरी थांबत नव्हते. मले वाटे, तुम्हाले ठाऊक असन."

मला ठाऊक नव्हतं, वामन्या. मी स्टँडवर तोंड पुसत उभा आणि तू इकडं पलंगावर हलतोयस. आपल्यामध्ये फक्त तेवढाच रस्ता होता. तू ओरडायचास ते थांब ना बे, ते मी एकदा, एकदाच ऐकायचं होतं.

त्या भांडणाचं मी काय करू ते सांग. कापडाला आपला आकार माहीत असतो म्हणतोस. असेल. तुझ्यातला हसणारा माणूस कुठल्याच गठ्ठ्याला मोडता आला नाही, हा तुझ्या बाजूचा पुरावा. पण परवा एका नवरदेवाला बांधायला बसलो आणि सवयीनं दुसरं टोक कोपऱ्यात फेकलं. ते भुईवर पडलं, स्वतःशीच लपेटलं. एकट्या कापडाला काही ठाऊक नसतं, हा माझ्या बाजूचा.

तर झालं माझं सांगून. माझ्या नियमानं आता मी उठायला पाहिजे. प्रज्ञाचं वाचून होईल, लोक हात जोडतील, जेवायला जातील. मी मात्र इथंच सतरंजीवर बसतोय, तुझ्या समोर. वहिनींना सांगितलंय, चहा थंड झाला तरी चालेल. तुझं सावकाश येऊ दे बे. मी थांबलोय.